विद्यापीठात आयटी प्रमुख व्हायला काय लागतं? कंपनी सोडून यावं का?

आठ वर्षांची कंपनीतली नोकरी सोडून विद्यापीठाच्या आयटी विभागात यावं का आणि पुढे प्रमुख होता येईल का, असं तुम्ही विचारलंय. होता येतं. पण क्लाउडची सर्टिफिकेटं नंतर. आधी परीक्षा विभागाचं टॅब्युलेशन रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या विषयवार गुणांची वही, वाचायला शिका.

मी १९९४ला प्रोग्रॅमर म्हणून लागले. निकाल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये लागायचा, गॅझेट म्हणजे निकालाची छापील यादी रात्रभर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचो. डेटा आमच्याच कपाटात असे. पुढे परीक्षेचं काम बाहेर द्यायचं ठरलं. टेंडरच्या बैठकीत मी दोन अटी सांगितल्या: डेटाबेस विद्यापीठाच्या सर्व्हरवर राहील, आणि करार संपल्यावर सगळा डेटा टेबलांच्या रचनेसकट परत मिळेल. परीक्षा विभागाचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही मशीन सांभाळा, टेंडरचं आम्ही बघतो." मी गप्प बसले.

करार संपला तेव्हा हातात पीडीएफ आल्या. सहा वर्षांचे निकाल, नुसत्या पीडीएफ! पुढे पदव्या डिजिलॉकरवर चढवायच्या झाल्या तेव्हा पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), सीट नंबर, श्रेणी, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत हवं होतं. आम्ही पाच जण रजिस्टरं उघडून टाइप करत बसलो. मराठी नावांनी तर घाम फोडला. ती जुन्या फॉन्टमध्ये होती, सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. कन्व्हर्टरमधून काढली की 'शर्मिला'तला रफार भलत्याच अक्षरावर जायचा. पदवीवर नाव चुकलं की ती पोरं दुरुस्तीसाठी एसटीने शंभर किलोमीटर येतात, मजुरी बुडवून आई-बापही सोबत येतात. म्हणून एकेक नाव डोळ्यांनी तपासलं. चौदा महिने गेले. नोकरीच्या पडताळणीसाठी थांबलेली एक मुलगी दर सोमवारी खिडकीशी यायची, तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नसायचं.

मुंबई विद्यापीठात २०१७ला ऑनस्क्रीन तपासणी, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासणं, घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. त्यामुळे माझं मत पक्कं झालं: चाचणी पुरी झाल्याशिवाय सही करणार नाही, असं कुलगुरूंसमोर म्हणता येत नसेल तर या खुर्चीत बसू नये. नेटवर्क काय, कोणीही सांभाळतं.

पगाराचं राहिलंच. कंपनीइतका मिळणार नाही. जागा कंत्राटी असेल आणि डोक्यावर घराचं कर्ज असेल तर येऊ नका. सगळीकडे असेच साहेब असतात असंही नाही, मला पुढे फार चांगले कुलसचिव मिळाले.

मुलाखतीत एक नक्की विचारा: टेंडरच्या तांत्रिक अटी कोण लिहितं? रुजू झालात तर महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यातलं माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे, तिथे आपली अट लेखी द्या आणि ती इतिवृत्तात आली का ते स्वतः वाचून बघा. टेंडरच्या त्या बैठकीत मी तोंडीच बोलले होते. नंतर साहेबांनी चौकशीत सांगितलं की अशी सूचना कुणी केलीच नव्हती, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.