जुन्या बाजारातून अँटिक फर्निचर घेऊन घरीच रिस्टोअर करता येतं का? घेताना काय बघायचं? आणलं की आधी मशीनने सगळं घासून मग चकाचक पॉलिश मारायचा विचार आहे. आणि वेताच्या खुर्चीचा वेत खराब असेल तर काय करायचं?

हो येतं, आणि नक्की करा. फक्त तुम्ही जे लिहिलंय ना की आणलं की आधी मशीनने सगळं घासून काढणार आणि मग चकाचक पॉलिश मारणार, तेवढं प्लीज करू नका. जुन्या सागाला, शिसवीला वर्षानुवर्षं हात लागून जो रंग चढलेला असतो तो एकदा खरवडला की कुठल्याच डब्यातून परत मिळत नाही, आणि आपण पैसे त्याचेच मोजलेले असतात.

घ्यायला मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट, पुण्यात कुंभार वेशीजवळचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. बऱ्याच ठिकाणी जुन्या घरांच्या तुळया-दारांच्या लाकडातून नवीन बनवलेला माल असतो, लाकूड छानच असतं त्यामुळे घ्यायला काहीच हरकत नाही पण त्याला अँटिकचा भाव देऊ नका. ओळखायचं कसं, तर वस्तू उलटी करायची, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचा. हाताने कापलेले डोव्हटेल जोड (कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे दात) थोडे लहानमोठे असतात, मशीनचे एकसारखे. मागच्या फळीवर, ड्रॉवरच्या तळाला बोट फिरवलं तर रंध्याच्या उथळ लाटा लागतात. आतून सहसा पॉलिश केलेलं नसतं, तिथेही गडद रंग फासलेला दिसला तर मुद्दाम जुनं भासवलंय की काय अशी मला लगेच शंका येते.

कीड मात्र नीट बघा. बारीक गोल भोकं असतील पण आतून काळवंडलेली आणि कोरडी, तर बहुतेक जुनी गोष्ट आहे. खाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या, घरातल्या बाकी लाकडालाही लागू शकते.

आता रिस्टोअरचं. आधी नुसता मळ काढायचा, टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या सुती फडक्याने, खिडक्या उघड्या ठेवून. माझ्याकडे लांब हातांची आरामखुर्ची आहे जुन्या बाजारातलीच, विकणारा म्हणत होता काळा रंग आहे काढून टाका, तो रंग नव्हताच, मेण आणि धूळ साचली होती, खाली जांभळट झाक असलेली सुंदर शिसवी निघाली. मग पॉलिश कसलं आहे ते तपासायचं. न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडं स्पिरिट (पॉलिशवाले वापरतात ते मिथिलेटेड स्पिरिट) लावा, चिकट झालं की समजायचं चपडा लाखेचं, म्हणजे शेलॅकचं पॉलिश आहे. हे सगळ्यात चांगलं, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे नवीन पातळ हात जुन्यातच मिसळून जातो, काही खरवडावं लागत नाही. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढरट धुकं येतं, दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

हलणाऱ्या पायात खिळा तर अजिबात ठोकू नका!! जुने जोड बऱ्याचदा सरसाचे (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचे) असतात, गरम पाण्याने सरस मऊ होतो, जोड सावकाश सोडवा, जुना सरस पूर्ण साफ करून वाळू द्या आणि मगच फेविकॉल लावून दोरीने रात्रभर आवळून ठेवा, जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही. आणि वर ऑइल पेंट असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, घरात लहान मूल असेल तर असली वस्तू घेऊच नका. लाकडाला अळशीचं तेल लावलंत तर ती तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप पेटू शकतात, पसरून बाहेर वाळवा.

वेताच्या खुर्चीचं विचारलंय, तर वेत तुटलेला नसून नुसता सैल पडला असेल तर खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, ताणून घट्ट होतो. तुटला असेल तर पूर्ण सीट विणून घ्यावी लागेल, तो खर्च भाव करतानाच धरा.