डब संगीतासाठी कोणते स्प्रिंग रिव्हर्ब प्लगिन निवडावे?

डब म्हणजे रेगे गाण्यांचे ध्वनिमुद्रण घुमारे व प्रतिध्वनी देऊन नव्याने घडवलेले जमैकन संगीत, आणि स्प्रिंग रिव्हर्ब प्लगिन म्हणजे धातूच्या स्प्रिंगमधून आवाज पाठवून घुमारा देणाऱ्या यंत्राची संगणकावरची नक्कल. असे प्लगिन निवडताना प्रथम स्नेअर या ड्रमचा एकच कोरडा, म्हणजे कोणताही परिणाम न दिलेला, ठोका त्यातून पाठवून ऐकावा. खऱ्या स्प्रिंगमधून वेगवेगळ्या कंप्रतेचे आवाज वेगवेगळ्या गतीने प्रवास करत असल्यामुळे ठोक्यामागून ‘टिऊं’ असा घसरता, थेंबासारखा ध्वनी उमटतो. तो न उमटता नुसता गुळगुळीत घुमारा ऐकू आला, तर ते प्लगिन गायनाला कदाचित शोभेल, डबला नाही.

दुसरी कसोटी धक्क्याची. जमैकातील किंग्स्टनचे डबचे आद्य ध्वनितंत्रज्ञ किंग टबी स्प्रिंगच्या युनिटला चक्क ठोसा मारून मेघगर्जनेसारखा आवाज काढत असत, म्हणून ‘शेक’ची, म्हणजे असा धक्का देण्याची, सोय असणे मला आवश्यक वाटते. यू-हीच्या ट्वँगस्ट्रॉममध्ये आणि सॉफ्टट्यूबच्या स्प्रिंग रिव्हर्बमध्ये ती आहे. डब निर्माते ली पेरी यांच्या ब्लॅक आर्क स्टुडिओचा खरखरीत, किंचित फाटका पोत हवा असल्यास आर्टुरियाचे रेव्ह स्प्रिंग-६३६ पाहावे, कारण ते पेरी वापरत असलेल्या ग्रॅम्पियन ६३६ या यंत्रावर बेतलेले आहे.

प्लगिन कोणतेही घेतले तरी ते सेंडवरच (मूळ आवाजाचा हवा तेवढाच भाग परिणामाकडे पाठवणाऱ्या वेगळ्या वाटेवर) लावावे, त्याच्या आधी हाय-पास फिल्टर ठेवून साधारण २०० ते ३०० हर्ट्झखालचा भाग कापावा आणि बेसला रिव्हर्बचा स्पर्शही होऊ देऊ नये. सेंडची पातळी कायम एकसारखी न ठेवता एखाद्याच रिमशॉटवर (स्नेअरच्या कडेवरील ठोक्यावर) किंवा गिटारच्या स्कँकवर (रेगेतील तुटक ठेक्यावर) ती हाताने झटकन वर नेऊन लगेच खाली आणावी. डबचा निम्मा परिणाम या हालचालीतच असतो, महागड्या प्लगिनमध्ये नव्हे.