बोला, ऐकतेय : मेथीची जुडी आणि सातचा भोंगा

(या सदरात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची बहुतेक पत्रं मोबाइलबद्दल होती.)

प्रश्न : ताई, मी घरूनच काम करते. संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसतात आणि गावाकडचं काहीबाही सांगत असतात. मी समोरच असते, पण हातात फोन. परवा त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले, सांग बरं." मला सांगता आलं नाही. तेव्हापासून त्या गप्प गप्प असतात. एका रविवारी फोन बंद ठेवला, तर नेमका ऑफिसचा महत्त्वाचा कॉल हुकला. "रोजच्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा," असं जो तो सांगतो. भांडी घासताना कसला आनंद शोधू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : भांडी घासताना आनंद व्हायलाच हवा, असा नियम कुणी काढला? मला तरी कधी झाला नाही. दूध करपलेलं पातेलं घासायचं आणि पालथं घालून मोकळं व्हायचं. ते सोडा. तुमचा खरा प्रश्न सासूबाईंचा आहे.

मी ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून देत तिथं, बोर्डवर बसायचे. फोनवरच माझं घर चाललं, त्यामुळे फोनच्या नावानं बोटं मोडणं मला जमत नाही. पण त्या वेळचा कॉल तीन मिनिटांच्या हिशेबानं चाले. वेळ होत आली की आम्ही लाइनवर जाऊन विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?" पलीकडे बारशाची तारीख चाललेली असो की कांद्याचा भाव, दोघंही दचकून थांबायची आणि जे खरंच सांगायचं राहिलं होतं ते भराभर सांगून टाकायची. (पैसे वाढतील या भीतीनं, मायेनं नव्हे, हेही खरं.) तुमच्या हातातल्या फोनला असं टोकणारं कुणी नाही. तो संपतच नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे "हं हं" बंद करा. बोर्डवर दुसरा कॉल आला की आम्ही पहिल्याला स्पष्ट सांगायचो, "होल्ड करा." माणूस होल्डवर थांबतो, त्याला राग येत नाही. आपण ऐकतोय असं दाखवून ऐकलं नाही, की मात्र येतो. सासूबाईंना सरळ म्हणा, "आई, दोन मिनिटं थांबा, एवढा मेल पाठवते, मग सांगा." आणि पाठवून झाल्यावर तुम्हीच विचारा, "हां, मग पुढे काय झालं?" त्या आपणहून पुन्हा सुरू करतील याची वाट बघू नका.

ऑफिसचं म्हणाल, तर अख्खा फोन बंद करायचं कारणच नाही. "डू नॉट डिस्टर्ब" लावा. त्यात ठरावीक माणसांचे फोन तेवढे वाजतील अशी सोय असते. शिवाय तीच व्यक्ती लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करते तेव्हा वाजू द्यायचं, अशीही एक खूण तिथं सापडेल. अँड्रॉइडला पंधरा मिनिटांच्या आत, आयफोनला तीन मिनिटांच्या आत. साहेबांना सांगून ठेवा, तातडीचं असेल तर दोनदा करा. पूर्वी अर्जंट कॉलला जादा पैसे पडायचे. यांना एकदा जास्त बटण दाबावं लागेल, एवढंच.

आता सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट. कडेगाव तालुक्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाइल आले, ते शाळा उघडल्यावरही सुटेनात. मुलांचं वाचणं-लिहिणं मागं पडलंय, अशी शिक्षकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेत विषय काढला आणि तेव्हापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. पोरं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची नाहीतर गप्पा मारायची. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते.

लोक पहिल्या भोंग्याचं कौतुक करतात. मला साडेआठचा दुसरा भोंगा जास्त महत्त्वाचा वाटतो. दीड तासानं हे संपणार, हे सगळ्यांना ठाऊक. आणि शेजारच्या घरीही फोन बंदच असायचा, त्यामुळे आपलंच काहीतरी हुकतंय असं होत नसे. तुम्ही रविवारी एकट्यानं अख्खा दिवस फोन बंद ठेवलात, तो उपास होता. पारण्याची वेळच ठरलेली नव्हती. त्यापेक्षा पाऊण तास ठरवा, आणि त्यात नवऱ्यालाही ओढा. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. ते त्या वेळी क्रिकेट बघत असतील, असा माझा संशय.

त्या पाऊण तासात नुसत्या बसू नका. अर्धी जुडी स्वतःपुढे घ्या. मेथी बाजारातून येते ती मुळांसकट, ओली, मातीची. आधी मुळं तोडायची, मग एकेका काडीचं पान खुडायचं, पिवळं बाजूला, कोवळा शेंडा देठासकट ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या काडीला बोटं हिरवी आणि चिखलाची होतात, आणि असल्या बोटांना फोनची काच दाद देत नाही. मान खाली, हात गुंतलेले, अशा वेळी बायका जे बोलतात ते चहाच्या कपापुढे बोलत नाहीत. माझ्या सासूबाईंनी मला त्यांच्या माहेरच्या कर्जाची सगळी हकीकत घेवड्याच्या शिरा काढताना सांगितली. भाजी निवडून झाली तेव्हा तीही थांबली, उरलेली दुसऱ्या दिवशी गवारीबरोबर.

प्रश्न : पुढच्या महिन्यात नातवाची मुंज आहे. थोरल्याच्या वेळी मंगलाष्टकं सुरू झाली आणि शंभर हात फोन धरून वर गेले. मला बटूचं तोंडसुद्धा दिसलं नाही. या वेळी पत्रिकेतच "मोबाइल आणू नये" असं छापू का? – एक आजोबा, अकोला

उत्तर : छापू नका. लोक मोबाइल आणतीलच, वर रुसतील. गुरुजींना सांगा. यजमानांनी सांगितलं तर पाहुणे हसून सोडून देतात. गुरुजींनी अंतरपाट धरायच्या आधी "आता सर्वांनी दोन्ही हात अक्षतांसाठी मोकळे ठेवावेत" म्हटलं की मांडव ऐकतो. फोटोग्राफर आहेच, शिवाय एखादा भाचा नेमा. तो काढील ते सगळ्यांना पाठवील, असं आधीच जाहीर करा, म्हणजे प्रत्येकाची धडपड थांबेल.

एक गंमत सांगते. अमेरिकेत लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यातच एक पोटकलम आहे, जे सांगायचं लोक विसरतात : वस्तूच्या एखाद्याच भागाचा जवळून फोटो काढला, तर आठवण तेवढी पुसली जात नव्हती. तेव्हा आपल्याला फोटोचा मोह झालाच, तर अख्खा मांडव टिपू नका. भिक्षावळीच्या वेळी त्याच्या झोळीजवळ जा, आईनं घातलेले तांदूळ आणि त्याचा हात, तेवढाच एक काढा, आणि फोन धोतराच्या कनवटीला.

प्रश्न : आजी, कॉलेजला जाताना रील्स बघायला लागलो की थांबताच येत नाही. "ही शेवटची" म्हणत स्टॉप निघून जातो. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? – एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : अरे, इच्छाशक्तीचं काय घेऊन बसलास! शेवटची असं तिथं काही ठेवलेलंच नाही. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, खाली "पुढे" असं बटण असायचं, तिथं माणूस क्षणभर थांबायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं पान काढलं, आणि पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ज्यानं केलं त्यालाच पटेना, तर तू स्वतःला कशाला कोसतोस?

तू पणजीला जात असशील असं धरते. बसमध्ये चढल्यावर फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी करत बाणस्तारीच्या पुलापर्यंत फोन बॅगेत. खिशात नव्हे, बॅगेत, आणि बॅग पायाशी. पूल ओलांडला की काढ आणि खुशाल बघ. पणजीत उतरताना कंडक्टर ओरडेलच. पहिले काही दिवस कंटाळा येईल, तो येऊ दे. आणि खिडकीची जागा नाही मिळाली तर उभा राहा, तुझ्या वयाला शोभतं.