दाताची कॅप हलतेय? आधी कागद गोळा कर

अरे, बसवलेली कॅप हलतेय म्हणून दवाखान्यात जाऊन तंडू नकोस. बिल, केसपेपर आणि एक्स-रेची प्रत आधी मागून घे. मग रत्नागिरीत दुसऱ्या दंतवैद्याला दाखव आणि मत लेखीच घे. ‘काम कच्चं झालंय’ असं तोंडी कुणीही म्हणतं, सही मागितली की गप्प! तोवर ती कॅप बदलू नकोस, पुरावाच जाईल. ठणका असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी फोटो काढ. पहिल्या डॉक्टरांना पत्र दे: काम फुकट नीट करा, नाहीतर पैसे परत. गाव लहान, बहुतेक जण इथेच ऐकतात. नाहीच ऐकलं तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कर. डॉक्टरांना दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. डेंटल कौन्सिल, म्हणजे दंतवैद्यांची नोंदणी ठेवणारी संस्था, डॉक्टरवर कारवाई करेल, भरपाई नाही देणार.