तासांचं मीटर नंतर बघा, आधी झाकणं उघडा

प्रश्न : वापरलेला कम्बाईन हार्वेस्टर (पीक कापून मळणी करणारं मशीन) घ्यायचाय. दोन बघून आलो. दोन्ही साधारण १५ वर्षं जुने. एकाच्या मीटरवर २२०० तास, नवीन रंग मारलेला, एकदम चकाचक. दुसऱ्यावर ३४०० तास, रंग उडालाय, पण मालकाकडे दुरुस्तीची वही आहे. घरचे म्हणतात कमी तासाचाच घ्या. काय करू?

उत्तर : घाई करू नका, एवढंच आधी सांगतो. तुम्ही बघितलेले तास बहुतेक इंजिनाचे असणार, आणि इंजिन रस्त्याने जाताना चालतं, बांधावर नुसतं उभं असतानाही चालतं. मळणीचे म्हणजे ड्रमचे (दाणे झोडणाऱ्या फिरत्या रोलरचे) तास बऱ्याच मशीनमध्ये वेगळे दिसतात, ते विचारा. पण खरं सांगू का, मीटर बदलता येतं, रंग मारता येतो, दाणा ज्या वाटेने जातो तिथली झीज मात्र रंगाने झाकत नाही.

मी स्वतः एकदा कमी तास बघून मशीन घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मागे वळून बघतो तर एलिव्हेटरच्या, म्हणजे दाणा टाकीत वर नेणाऱ्या भागाच्या, बुडातून दाण्याची बारीक धार चाललेली, चाकाच्या शेजारून सगळ्या रानात रेघ पडलेली. पत्रा घासून घासून कागदासारखा झाला होता आणि बाहेरून छान रंग! त्या दिवशी जीव इतका तुटला की तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगतो, एलिव्हेटरचं खालचं झाकण उघडा, दाणा पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या खालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा, आत जात असेल तर समजून जा. हे सगळं इंजिन बंद, किल्ली खिशात आणि ड्रम पूर्ण थांबल्यावरच, इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो.

मग ड्रम बघा. त्याच्यावरच्या रास्प बारच्या, म्हणजे दाणे झोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या, खाचांवरून बोट फिरवा, कडा टोकदार लागल्या पाहिजेत. गुळगुळीत झाल्या असतील तर कणसात दाणे राहतात, मग माणूस ड्रमचा स्पीड वाढवतो, ड्रमखालची जाळी जवळ घेतो आणि दाणा फुटायला लागतो. टाकीच्या कोपऱ्यात मागच्या हंगामाचे दाणे राहिले असतील तर ते तळहातावर घेऊन बघा, फुटके किती आहेत ते लगेच दिसतं. काही बार नवे आणि काही जुने असतील तर विचारा कसे बदलले, समोरासमोरची जोडी सारख्या वजनाची नसेल तर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग खातो. जाळीच्या तारा पण बघा, झिजलेल्या बाजूची कड गोल झालेली दिसते.

इंजिन थंड असतानाच जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू झाल्यावर तेलाचं झाकण काढा, तिथून धूर जोरात फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. हायड्रोस्टॅटिक गाडी (चाकं तेलाच्या दाबावर चालणारी) असेल तर तेल चांगलं तापू द्या आणि मग चढावर घाला, थंड असताना सगळ्याच ओढतात. पट्टे, वायरिंग उंदराने कुरतडलंय का, पुढच्या ॲक्सलजवळ वेल्डिंगचे ठिगळ आहेत का, हे पण बघून घ्या.

शेवटी मळणीचा भाग अर्धा तास चालवायला लावा, मग बंद करून थांबल्यावर एकेका बेअरिंगजवळ हात न्या. एकच बेअरिंग बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ते जाणार, आणि जाता जाता भुसकटाला आग पण लावू शकतं.

माझा कल ३४०० वाल्याकडे आहे, वहीमुळे. वहीत बेअरिंग, चेन, रास्प बार कधी बदलले ते लिहिलेलं असेल आणि आतला पत्रा धड असेल तर तो घ्या. फक्त त्या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात का ते पैसे द्यायच्या आधी फोन करून विचारा, ऐन कापणीत एका चेनसाठी आठवडा गेला की उभं पीक गळायला लागतं.