टेकडीखालच्या साइटवरून पावसात गाळ वाहून जातो, तो कसा अडवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर साधारण एक हेक्टरची साइट आहे, खोदकाम झालंय, वळवाच्या पहिल्याच सरीत लाल गढूळ पाणी खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, कंपाउंडला हिरवं नेट बांधलं की काम झालं. ते नेट सावलीसाठी असतं. त्याच्या भोकांतून गाळ सरळ पलीकडे जातो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी पाणी किती येणार ते काढा. सूत्र सोपं आहे: वाहून जाण्याचं प्रमाण (पडलेल्या पावसातला किती हिस्सा जमिनीवरून वाहतो ते) गुणिले पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उघड्या, चेपलेल्या मुरमासाठी प्रमाण ०.६ धरा आणि तासाला ६० मिमीची सर धरा. एक हेक्टरवरून सेकंदाला ०.१ घनमीटर, म्हणजे १०० लिटर पाणी येतं. टेकडीवरचं आणखी दोन हेक्टरचं पाणी तुमच्या साइटमधून जात असेल, तर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून पहिलं काम वरच्या हद्दीवर: वरून येणारं स्वच्छ पाणी खोदकामात शिरूच द्यायचं नाही.

त्यासाठी वरच्या कडेनं चर खणा आणि निघालेली माती खालच्या अंगाला टाकून बांध दाबून घ्या. तळाशी ३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, बाजूंचा उतार एकास एक आणि तळाचा कल १०० मीटरला दीड मीटर, एवढ्या चरातून २० सेंमी खोलीनं वाहताना सेकंदाला १०० लिटर पाणी जातं. वर दोन हेक्टर असतील तर चर त्या हिशेबानं मोठा करा. कल याहून तीव्र झाला तर पाणी चराचाच तळ खरवडतं. तिथे तळाला दगडी पिचिंग करा, म्हणजे दगड घट्ट बसवून घ्या. आणि या चरातलं पाणी आधी जिथे जात होतं त्याच ओढ्याला मिळू द्या. शेजाऱ्याच्या हद्दीत सोडलात तर भांडण फक्त जागा बदलेल.

साइटमधल्या पाण्यासाठी वेगळे चर हवेत, आणि ते गाळाच्या टाकीत उतरले पाहिजेत. कल ३ टक्के असेल तर या चरात दर १० मीटरवर ३० सेंमी उंचीचे दगडी आडवे बांध घाला. बांधाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा १५ सेंमीनं खाली ठेवा. सगळीकडे सारखी उंची ठेवली की पाणी कडेनं वाट काढतं, काठ खातं, आणि पुढच्या पावसात बांध एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असं दिसतं.

गाळाची टाकी साइटच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात. एका हेक्टरला २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि १ मीटर खोल पाणी राहील एवढी. पाणी एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर. दोन्ही तोंडं जवळजवळ ठेवली तर पाणी तसंच निघून जातं आणि उरलेली टाकी फुकट जाते. बाहेर पडणारा पाइप तळाशी नको, पाणी वरच्या थरातून घ्या. वर दगडी सांडवा हवाच, नाहीतर मोठ्या सरीत टाकीचा बांध फुटेल आणि आठवडाभराचा गाळ एकदम खाली जाईल. टाकी गाळानं अर्धी भरली की जेसीबीनं उपसा, आणि तो गाळ ओढ्याकाठी टाकू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. वरच्या मापाच्या टाकीत ०.०२ मिमीचा बारीक गाळ कागदावर तरी खाली बसतो. पण चिकणमातीचा ०.००२ मिमीचा कण शांत पाण्यातसुद्धा एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून जास्त घेतो. एवढा वेळ कुठलीच टाकी देऊ शकत नाही. चाचणी करून बघा: वाहतं पाणी रिकाम्या पारदर्शक बाटलीत भरा आणि तासभर हलवू नका. तळाशी वाळू बसून वरचं पाणी चहासारखंच राहिलं, तर टाकी वाढवून उपयोग नाही. माती उचललीच जाऊ नये, हाच इलाज.

म्हणजे उघडी जमीन झाकायची. ज्या भागावर पुढचे दोन आठवडे काम नाही तिथे भाताचा पेंढा अंथरा, चौरस मीटरला साधारण अर्धा किलो. मुळशी-मावळात तो सहज मिळतो. तीव्र उतारावर पेंढा घसरतो, तिथे काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकून बसवा आणि जूनमध्ये वाळ्याच्या आडव्या ओळी लावा. मातीचे ढीग ताडपत्रीखाली, पायथ्याला छोटा बांध. एकदम सगळी जमीन सोलून ठेवू नका, टप्प्याटप्प्यानं खोदा. हे कॉन्ट्रॅक्टरला नको असतं, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

कंपाउंडला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देऊन माती अडवणारं जाड कापड) लावायचंच असेल तर खालची १५ सेंमी पट्टी चरात पुरून माती दाबा, खांब २ मीटरवर, टोकं चढाच्या दिशेनं वळवा. पुरलेलं नसेल तर पाणी खालून जातं. ओढ्यात किंवा चरात आडवं कधीच लावू नका.

गेटवर ५० ते ७५ मिमी खडीचा २० सेंमी थर, १५ मीटर लांब. खाली जिओटेक्स्टाइल नसेल तर डंपरच्या चाकाखाली खडी पंधरा दिवसांत चिखलात गडप होते. तळघरातलं पाणी उपसताना पंप तळावर ठेवू नका: भोकं पाडलेल्या पिंपात ठेवा, भोवती २० मिमी खडी घाला आणि पाणी गाळाच्या टाकीतच सोडा. मिक्सर धुतलेलं पाणी मात्र वेगळ्या, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात. त्याचा पीएच १२ पर्यंत जातो, ओढ्यातले मासे मरतात.

नियमांचं म्हणाल तर, १:५ हून तीव्र डोंगरउतारावर बांधकामच चालत नाही, ते आधी तपासा. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटी काढून वाचा. ओढ्या-नदीत सोडायच्या सांडपाण्यात न विरघळता मिसळून राहिलेल्या घन कणांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. पाण्याचा नमुना तपासताना हाच आकडा समोर ठेवा.

भूजल पुनर्भरणाचा (पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा) बोअर किंवा खड्डा काम चालू असताना जोडू नका, गाळानं कायमचा बुजेल. आणि इमारत उभी राहिली की वाहून जाण्याचं प्रमाण मूळ टेकडीच्या ०.३ वरून ०.८५ वर जातं: तासाला ६० मिमीची सर अर्धा तास पडली तर मूळच्या टेकडीपेक्षा १६५ घनमीटर पाणी जास्त. त्याची साठवण टाकी आत्ताच नकाशात बसवून घ्या.

हे सगळं ऑक्टोबर संपेपर्यंत काढू नका. पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तो २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, पावसाळा संपत आल्यासारखा वाटत असताना. दर मोठ्या सरीनंतर त्याच दिवशी एक माणूस चर, बांध, सांडवा बघून आला पाहिजे, फावडं घेऊन.