सेल्फ कधी लागतो, कधी नुसतं 'टक्': आधी अर्थिंग बघा

तुम्ही लिहिलंय की मोटरसायकल गोव्यात मिरामारला उघड्यावर उभी असते आणि पावसाळ्यापासून सेल्फ (बटण दाबून गाडी सुरू करणारा स्टार्टर) कधी पहिल्या दाबाला लागतो, कधी एकदाच 'टक्' होऊन गप्प. नवी बॅटरी घातली, आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आणि जाता जाता सांगितलंय की 'टक्' होतं तेव्हा हेडलाइट मंद होत नाही. अर्धं उत्तर त्यातच आहे.

सेल्फची मोटर फिरू लागली की बॅटरीवर एकदम मोठा भार येतो, दिवा मंदावतोच. तुमचा मंदावत नाही, म्हणजे करंट निघतच नाहीये, वाट कुठेतरी अडलीय. बॅटरी उतरलेली असती तर दिवा पार पिवळा पडला असता आणि बहुतेक टक्-टक्-टक् अशी माळ लागली असती. शिवाय 'टक्' हा रिलेचा, म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीचा मोठा करंट मोटरकडे सोडणाऱ्या स्विचचा आवाज. म्हणजे बटण, किल स्विच, क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विच यांनी आपलं काम केलं, त्यांच्या मागे लागू नका. आवाजच येत नसता तर मात्र मी तिथूनच सुरुवात केली असती.

उरल्या चार जागा: रिलेच्या आत एकमेकांना टेकणारे पॉइंट, तिथून मोटरकडे जाणारी जाड वायर, मोटरचे कार्बन (तिच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) आणि इंजिनचं अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला जाणारी वायर आणि तिचा जोड. माझा संशय अर्थिंगवर आहे.

मी डिचोलीचा. काही वर्षं रोज मयेवरून चोडणला आणि फेरीबोटीतून रायबंदरला गाडी नेत होतो. खारी हवा, दमट पावसाळा, आणि तुमच्यासारखीच तक्रार. एका मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने रिले. शेवटी मल्टीमीटर घेऊन मीच बसलो. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या रंग नसलेल्या बोल्टवर धरलं आणि सेल्फ दाबला. तिथे ०.२ च्या आसपास यायला हवं होतं, आले ११ च्या वर. मोटरला मिळायचे सगळे व्होल्ट त्या एका जोडात अडकले होते.

अर्थिंगची वायर इंजिनला जोडणारा बोल्ट वरून चकचकीत दिसत होता. १० चा पाना लावून सोडवला, तर वायरच्या टोकाच्या रिंगेच्या खालच्या बाजूला हिरवट-पांढरी पूड जमलेली आणि वायरच्या तोंडाशी तांब्याचे तंतू काळे पडलेले. रिंग आणि ती बसते ती जागा काचपेपरने धातू चमकेपर्यंत घासायची, बोल्ट घट्ट आवळायचा, वरून व्हॅसलीन फासायचं. तंतू काळे असतील तर नुसतं घासून भागत नाही. चांगलं तांबं लागेपर्यंत वायर सोलून नवी रिंग दाबून बसवून घ्या. काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि शेवटी लावा.

नव्या बॅटरीने आठ दिवस गाडी का चालली असेल? बॅटरी बदलताना वायरी हलतात, जोड तेवढ्यापुरता बसतो. कधीमधी येणाऱ्या दोषात हाच घोळ होतो, काहीही बदललं तरी गुण आल्यासारखा वाटतो. गॅरेजपर्यंतच्या खड्ड्यांतसुद्धा जोड हादरून बसतो आणि मेकॅनिकसमोर गाडी एका दाबात सुरू होते. म्हणून साधं मीटर सीटखाली ठेवा आणि गाडी अडेल त्याच क्षणी, न्यूट्रलमध्ये, जागेवर मोजा. गाडी नीट सुरू होत असताना घेतलेले आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत.

अर्थिंग बरं निघालं तर रिलेच्या दोन जाड टोकांवर मीटर धरा. एरवी तिथे १२ दिसतात, 'टक्' झाल्यावर जवळपास शून्य व्हायला हवेत. १२ तसेच राहिले तर पॉइंट जळालेत, रिले बदला. ती टोकं स्क्रू ड्रायव्हरने जोडून गाडी सुरू करताना मी अनेकांना पाहिलंय. टाकीजवळ ठिणग्या उडतात, ते कृपया करू नका. रिलेही ठीक असेल तर मोटरच्या टोकावर व्होल्ट बघा. तिथे पूर्ण येतात, मोटर फिरत नाही, पण पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरते, असं झालं तर कार्बन झिजलेत. कार्बनचं काम मात्र गॅरेजमध्येच करून घ्या.

गाडी अडलेली असताना मायनस ते इंजिन किती व्होल्ट आले, तेवढं इथे लिहा. पुढचं मी सांगतो.